एसच्या नंतरची अपॉस्ट्रॉफी

ऑइलपेंटचा वास आला की मला बाभुळगावातलं आमचं शिलाईचं दुकान आठवतं. ते ताईचं आणि माझं होतं. पाटीवर इंग्रजीत ‘सिस्टर्स टेलर्स’, ‘सिस्टर्स’मधल्या शेवटच्या एसनंतर वर अपॉस्ट्रॉफीचं टिंब. मला नागपूरला नोकरी लागली त्याच आठवड्यात पाटी पुन्हा रंगवायला काढली होती. मी पेंटरला म्हटलं, “भाऊ, अपॉस्ट्रॉफी आता एसच्या आधी मारा. नंतर असली का दोघींचं दुकान होते, आता एकटीचंच हाय.” ताईनं मशीन थांबवली. “नंतरच मारा, भाऊ. नोकरी लागली म्हणून तिचं दुकान सुटलं काय?” माझी मशीन विकायचा सौदा मी सकाळीच परस्पर करून आले होते, ते तिला सांगताना माझी मान वर होईना. पाटीवर अपॉस्ट्रॉफी अजून एसच्या नंतरच आहे, आणि माहेरी गेले की मी दुकानासमोरून न जाता मागच्या गल्लीनं घरी जाते.