खराडीच्या त्र्याण्णव विहिरी

उच्च शिक्षणाचं वाटोळं कुणी केलं, यावर पुण्यातल्या निवृत्त प्राध्यापकांना एकमेकांची मतं तोंडपाठ आहेत. मीही निवृत्त प्राध्यापक आहे. पण हा विषय निघाला की मला मंदाकिनीबाई आठवतात आणि माझा आवाज आपोआप खाली येतो.

मंदाकिनीबाई शनिवार पेठेत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत पीएच.डी.चे प्रबंध टाइप करून देत. इंटरला असताना वडील गेले, कॉलेज सुटलं आणि पुढ्यात टाइपरायटर आला. पाच प्रती, मध्ये चार कार्बन. एक अक्षर चुकलं की पाचही कागद खोडायचे, म्हणून बाई आधी वाचत आणि मग टाइप करत. वाक्यात अर्थ सापडला नाही तर समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढत. भलेभले विद्वान ते पाहून जिना उतरताना पुटपुटायचे. "मला न कळणारं मी टाइप करते," त्या सुनावत, "तुम्हाला न कळणारं नाही करत." गिरणीमुळे कागदांवर पीठ बसायचं, घरी नेऊन झटकावं लागे. अजून ताज्या पिठाचा वास आला की मला ती खोली दिसते.

१९७४ साली मी हवेली तालुक्यातल्या विहीर-बागायतीवर प्रबंध लिहीत होतो. कॉलेजात हंगामी होतो; मार्चअखेर प्रबंध दाखल झाला तर कायम करणार होते. घरी कुसुमला, म्हणजे माझ्या पत्नीला, सातवा महिना लागला होता. सहा गावांची पाहणी करायची होती, पाच उरकली, खराडी राहिली. दिवस संपत आले, तेव्हा खराडीचा तक्ता मी तेरा वर्षांपूर्वीच्या एका प्रबंधातून जसाच्या तसा उचलला आणि खाली 'प्रत्यक्ष पाहणी' असं लिहून मोकळा झालो.

चार दिवसांनी बाईंचा निरोप आला. गेलो, तर त्यांनी चहा विचारला नाही.

"खराडीत त्र्याण्णव विहिरी नाहीत," त्या म्हणाल्या. "एकोणचाळीस होत्या. त्र्याण्णव मी केल्या."

तो जुना प्रबंधही त्यांनीच टाइप केला होता. ३९चे ९३ झाले हे त्यांना वर्षभरानं हस्तलिखितं आवरताना कळलं. त्या तडक त्या संशोधकाच्या घरी गेल्या. त्याला पदवी मिळून चुकली होती. तो म्हणाला, जाऊ द्या हो बाई, वाचतंय कोण. म्हणूनच आमचा काळ सोन्याचा होता असं कुणी सांगू लागलं की मी विषय बदलतो.

बाईंना मात्र ती चूक तेरा वर्षं टोचत होती. त्यांनी माझे कागद परत केले. म्हणाल्या, मी कुणाला सांगणार नाही, पण हे माझ्या हातून पुन्हा होणार नाही, दुसरीकडे टाइप करून घ्या. मी खरोखरच अप्पा बळवंत चौकातल्या एका टंकलेखकाकडे गेलो. त्यानं एक ओळही न वाचता पानं मोजली आणि शुक्रवारी न्या म्हणाला. इतकं सोपं होतं ते. मला स्वतःची लाज वाटली आणि कागद उचलून मी बाहेर पडलो.

रविवारी सायकल काढून खराडी गाठली. गेनबा नावाच्या शेतकऱ्यानं मला बांधाबांधानं हिंडवलं. विहिरी चव्वेचाळीस निघाल्या. मी वही मिटली तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, हिरी मोजल्या ते बेस केलं. पर पानी कुठवर हाय, ते नगं का इचारायला?"

पाच गावं पालथी घातली, तरी मला हे सुचलं नव्हतं. खराडीतल्या अकरा विहिरी कोरड्या होत्या. मग ती पाचही गावं मी पुन्हा केली. त्यात वर्ष गेलं. कायमची जागा दुसऱ्याला मिळाली, मी आणखी तीन वर्षं हंगामी राहिलो आणि कुसुमनं ते मला जन्मभर ऐकवलं. पण संशोधन म्हणजे काय ते मी त्या एका वर्षात शिकलो. नंतर नुसतं शिकवलं.

नवा प्रबंध बाईंनी टाइप केला. प्रती न्यायला गेलो तेव्हा, आपल्याकडच्या उच्च शिक्षणाचं पुढं काय होणार, असं मी उगीच विचारलं. "कॉलेजं वाढतील, पदव्या वाढतील," त्या म्हणाल्या. "वर्षाकाठी एखाद्यानं सायकल काढली तरी पुष्कळ झालं." त्या दिवशी चहा मिळाला.

बाई जाऊन आता वीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात खराडीतच, एका काचेच्या इमारतीत, उच्च शिक्षणाच्या भवितव्यावर परिसंवाद होता. एकही विहीर दिसली नाही. मी हीच हकीगत सांगितली आणि टाळ्या मिळवल्या. मग विजयमाला नावाच्या एका तरुण प्राध्यापिकेनं विचारलं, "सर, प्रबंधात बाईंचा उल्लेख आहे ना?" मी म्हटलं, अर्थातच.

घरी येऊन प्रत काढली. ऋणनिर्देशात मार्गदर्शक आहेत, प्राचार्य आहेत, ग्रंथपाल आहेत, कुसुम आहे, गेनबासुद्धा आहे. मंदाकिनीबाई नाहीत. आणि ते पान टाइप करायला मीच त्यांच्या हातात दिलं होतं.