सोळा छटाकांचे तेरा छटाक

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. घरचे म्हणतात, एवढी वर्षं झाली, आता सोडा की. पण सोडवत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातल्या कित्येक आरोपींची तोंडंही आता आठवत नाहीत. ही तर कॉफीच्या बियांची किरकोळ चोरी. तरी तीच छातीवर बसून आहे.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि वरचे हुकूम नागपूरहून यायचे. मी नवा सब-इन्स्पेक्टर. ठाणं माझ्याकडे, म्हणून लोक ‘ठाणेदार साहेब’ म्हणायचे आणि मला ते आवडायचंही. नव्या वर्दीची गुर्मी असते, ती मलाही होती.

स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर एक हॉटेल होतं. गावात चहा सगळीकडे मिळायचा, पण कॉफी मागितली तर चिकोरी घातलेलं काळं गुळवणी पुढ्यात यायचं. या हॉटेलात मात्र खरी कॉफी. बिया मद्रासकडून रेल्वेने यायच्या, रोज सकाळी मागच्या अंगणात भाजल्या जायच्या, लगेच दळल्या जायच्या. राइस मिलवाले, बिडीचे व्यापारी, रेल्वेचे गार्ड, सगळे तिथे. किंमत दोन आणे, इतरांच्या भिकार कॉफीइतकीच. मालकाला कुणी विचारलं की एवढं चांगलं देऊन तुम्हाला परवडतं कसं, तर तो हात जोडून म्हणायचा, “बस, आप लोगों की मेहरबानी है.”

मीही रोज प्यायचो. पैसे देत नव्हतो. पोलिसाकडून पैसे घ्यायची हॉटेलवाल्यांची रीत नव्हती, आणि द्यायची आमची नव्हती. लिहायला लाज वाटते, पण लिहायला बसलोच आहे तर सगळं लिहितो.

एक दिवस हा मालक सकाळीच ठाण्यात आला. बिया भाजायला ठेवलेली बाई चोरी करते, अशी तक्रार. बाई गावाशेजारच्या मुर्रीची, विधवा, पूर्वी मुरमुरे-फुटाणे भाजून विकायची. “साहब, तोलकर बीज देता हूँ, तोलकर वापस लेता हूँ. हर हफ्ते माल कम. सात महीने से सह रहा हूँ. औरत जात है, इसलिए चुप था.” हे म्हणताना त्याने डोळ्यांना रुमालही लावला. मी पहिली खबर लिहून घेतली, नोकराने केलेली चोरी म्हणून कलम ३८१ लावलं.

दुपारी आमचा एक खबऱ्या आला. पानठेलेवाला होता, अर्ध्या गावाची खबर त्याच्याकडे. म्हणाला, “साहेब, त्या बाईच्या घरी कॉफीची पुडी आहे. माझ्या सालीनं डोळ्यानं पायली.” झालं! मालकाची तक्रार आणि वर खबर. मी हवालदाराला आणि दोन पंचांना घेऊन मुर्रीला गेलो. झडतीत चुलीमागच्या गाडग्यात फडक्यात बांधलेल्या दोन मुठी काळ्या बिया सापडल्या. पंचनामा झाला, मुद्देमाल सील केला. बाईला घेऊन निघालो तेव्हा अख्खं गाव दारात उभं होतं. मुर्रीहून बाजारातून ठाण्यापर्यंत तिला पायी आणली, पुढे हवालदार, मागे मी. तिने पदर डोक्यावरून एकदाही खाली येऊ दिला नाही.

आता चौकशी. तिला मी बसू दिलं नाही. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ती टेबलासमोर उभी होती. हवालदार मधूनमधून काठी जमिनीवर आपटायचा. अंगाला हात लावला नाही, असं मी तेव्हा अभिमानाने सांगायचो. आता वाटतं, त्यात अभिमान कसला?

“बिया कुठे विकल्या?”

“कोठीच नाई विकल्या.”

“मग गाडग्यात काय होतं?”

“त्या माह्याच होत साहेब. एक घान जराला, तं मालकानं माह्या पगारातून कापल्या. पैसे माहे कापले तं माल माहा. म्हून घरी नेल्या.”

“आणि दर आठवड्याला माल कमी भरतो तो?”

“भाजलं का घटतेच ना साहेब. चना भाजा, मका भाजा, घटतेच. धूर होऊन जाते. मी सात महिन्यापासून सांगून राहिली, कोनी आयकतच नाई.”

हवालदार फिसकन हसला. “धूर म्हणे! दोन दोन शेर धूर!” मीही हसलो. आणि जबाबाच्या कागदावर माझ्या हाताने लिहिलं, ‘उडवाउडवीची उत्तरे देते.’ तिने पहिल्या तासात खरं सांगितलं होतं. त्या अक्षरांची मला आजही चीड येते.

रात्री तिला कोठडीत ठेवलं, सोबतीला ठाण्याची झाडूवाली बसवली. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर उभी करून रिमांड मागायचा, तर किती माल गेला ते लिहायला हवं. म्हणून मी सकाळी हॉटेलात जाऊन मालकाच्या तोलाच्या चिठ्ठ्या ताब्यात घेतल्या. गल्ल्यामागे तारेत अडकवलेल्या होत्या. त्याने आनंदाने दिल्या, वर कॉफी मागवली. मी प्यायलो.

ठाण्यात येऊन चिठ्ठ्या लावू लागलो. दहा शेर बिया दिल्या, आठ शेर दोन छटाक परत. पुढचा आठवडा, दहा शेर दिल्या, आठ शेर एक छटाक. पुढचा, आठ शेर तीन. पोळ्याचा आठवडा, आठ शेर दोन. दिवाळीचा, आठ शेर दोन. सात महिने हेच. मी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. मग रिमांडच्या कागदावरचं पेन खाली ठेवलं.

कारण तोपर्यंत मी निदान एवढं शिकलो होतो की चोर इतका नेमाचा नसतो. सणाला हात मोठा मारतो. भीती वाटली की दोन आठवडे गप्प बसतो. लेकरू आजारी पडलं की पुन्हा सुरू. सात महिने दर आठवड्याला मोजून तेवढंच नेणारा चोर मी पाहिला नव्हता, पुढेही पाहिला नाही. हे माणसाचं काम नव्हतं.

हवालदाराला म्हटलं, “रिमांडचा कागद थांबवा. हॉटेलातून एक शेर कच्च्या बिया आणा, कढई आणा, मालकाला आणा. आणि तराजू बाजारातला आणा, त्याचा नको.”

“पण साहेब, तो शेठ...” हवालदार कुरकुरला.

“आणा म्हणतो ना!”

ठाण्याच्या मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली. तेच पंच बोलावले. मालक आला तो हसतच आला, कढई पाहिल्यावर त्याचं हसू गेलं. बाईला बाहेर काढून मी म्हणालो, “बाई, रोज भाजता तसंच भाजा.” आदल्या दिवशी मी तिला ‘ए’ म्हणत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि बसली.

पंचांनी एक शेर, म्हणजे सोळा छटाक, तोलून दिले. ती भाजत होती आणि तिचं लक्ष दुसरीकडे कुठेच नव्हतं. आधी गवतासारखा ओला वास आला, मग बिया तडतडू लागल्या, पांढरा धूर निघाला, कोंडा उडाला. सगळं ठाणं दाराशी गोळा झालं. काळपट तांबूस रंग आल्याबरोबर तिने कढई उतरवली, बिया सुपात ओतून पाखडल्या, गार होऊ दिल्या. एक बी तिने हातात ठेवली नाही, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मग तराजू.

तेरा छटाक.

तराजू घेऊन आलेला बाजारातला दुकानदार म्हणाला, “अहो साहेब, भाजल्यावर घट तं येनारच. याच्यासाठी पोलीस कायले लागते?” सगळे हसले. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. धानाच्या या मुलखात गिरणीतून भात काढला की तांदूळ किती निघतो हे पोरासोरांना ठाऊक. कुणी गिरणीवाल्याला बेड्या घालत नाही. आणि आम्ही हिला कोठडीत घातली.

मालक म्हणाला, “अच्छा, गलती हो गई साहब. छोड़ दीजिए उसको. मैं केस वापस लेता हूँ.” खिशात हात घालून सुपारी काढली आणि कातरायला लागला! जणू चहात साखर जास्त पडली होती.

मला कशाची शंका आली सांगता येत नाही, पण मी चिठ्ठ्यांचा तो गठ्ठा पुन्हा उलगडला. अगदी खाली, शेवटच्या चिठ्ठीला चिकटलेलं मद्रासच्या व्यापाऱ्याचं इंग्रजी पोस्टकार्ड होतं, सात-आठ महिन्यांपूर्वीचं. त्यात साफ लिहिलं होतं, कच्च्या बिया भाजल्यावर सोळाचे तेरा होतील, त्या हिशोबाने आपला भाव ठरवावा.

म्हणजे याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मी बाईला विचारलं, पगार किती?

“अठरा रुपये सांगलं होतं. हातात धा देते. आठ घटीचे कापते.”

“सात महिने?”

“हाव. या महिन्यात म्या म्हटलं, पुरा पगार द्या, नाई तं मी येत नाई. दुसऱ्याच दिशी तुमी आले.”

तेव्हा कळलं त्याला कसं परवडत होतं ते. भाव वाढवायचा नाही, भेसळ करायची नाही, नाव कमवायचं, आणि जो धूर उडून जातो त्याचे पैसे मुर्रीच्या विधवेच्या पगारातून घ्यायचे. ती बोलली की तिच्यावर पोलीस सोडायचे. आणि पोलीस कोण? फुकट कॉफी पिणारा मी. आम्ही सगळे शहाणे लोक रोज त्या बाईचा पगार पीत होतो आणि वर मिशीला लागलेला फेस पुसून वाहवा करत होतो.

मी मालकाची कॉलर धरली नाही, एवढंच. म्हणालो, “छप्पन रुपये आत्ता, इथे, पंचांसमोर.” कायद्यात हे बसत नव्हतं. तरी केलं, आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. त्याने माणूस पाठवून पैसे आणवले. खोटी खबर दिल्याबद्दल मी त्याच्यावर कलम १८२ खाली कारवाईचा प्रस्ताव वर पाठवला. आठ दिवसांनी परत आला. ‘तक्रार गैरसमजातून केलेली दिसते. प्रकरण बंद करावे.’ गैरसमज! पोस्टकार्ड सोबत जोडलं होतं मी. पण वरचे साहेब दौऱ्यावर आले की त्यांचं जेवण त्याच हॉटेलातून जायचं. आता काय बोलणार?

पैसे मिळाल्यावर मी बाईला म्हणालो, “जा बाई आता घरी. तुमच्यावर काही नाही.”

ती हलली नाही. म्हणाली, “एकटी कशी जाऊ? काल तुमी मले सगळ्या बाजारातून आनली. लोकाइनं पायलं. आता तशीच न्या. दिवसा, वर्दीवर, त्याच रस्त्यानं. मले लोकाच्या घरी कांडाले-भाजाले जा लागते साहेब. चोरटीले कोन घरात घेते?”

हवालदार तिच्यावर खेकसला. मी त्याला गप्प केलं आणि टोपी घातली.

आम्ही निघालो. या वेळी ती पुढे होती आणि मी मागे. दुकानदार उठून पाहत होते. मी थांबून थांबून सांगत होतो, “या बाईने काही घेतलेलं नाही. तक्रार खोटी होती.” कुणी मान हलवली, कुणी नुसतंच पाहिलं. मुर्रीला तिच्या घरासमोर एक म्हातारा शेतकरी बाजेवर बसला होता. त्यालाही मी मोठ्याने तेच सांगितलं.

त्याने शांतपणे विचारलं, “काई घेतलं नोहोतं म्हंता?”

“नाही.”

“मंग नेली कायले होती?”

बाई दारात उभी होती, तीही माझ्याकडे पाहत होती. मी काहीतरी पुटपुटलो आणि वळलो. पुढे कळलं, गावात तिला कुणी भाजायला बोलावेना. ‘सोडली म्हंते, पन नेली तं होती ना’ असं लोक म्हणत. तीन-चार महिन्यांनी ती लेकीकडे तिरोड्याला निघून गेली.

चोरी झाली की चोर शोधायला आम्हाला शिकवलं होतं. मुळात चोरी झाली आहे का, हे आधी बघायला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर तीस वर्षं, कुणाच्याही दारात अटकेसाठी उभा राहिलो की मी स्वतःला त्या म्हाताऱ्याच्याच शब्दांत विचारायचो, नेतोस कायले? तीन वेळा उत्तर सापडलं नाही, आणि तीन वेळा मी रिकाम्या हाताने ठाण्यावर परत आलो.