करारातून बाहेर पडण्याची बाजू

मी धुळ्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना जळगावच्या वादविवाद स्पर्धेचा विषय आला: राष्ट्राने मानवी हक्कांच्या करारातून बाहेर पडावे की नाही. बाजू चिठ्ठीवर ठरायची. आमच्या वाट्याला ‘बाहेर पडावे’ आलं. राज्यशास्त्राचे सर म्हणाले, बरं झालं, या बाजूला टाळ्या जास्त पडतात.

संघात दोघं. एक मी, पारोळ्याच्या शाळामास्तरांची मुलगी, पाठांतर पक्कं. दुसरा पिंपळनेरच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा माझा वर्गमित्र. तो वर्गात बोलत नसे. पण एकदा हजेरीवरून तो सरांशी सलग दहा मिनिटं बोलला होता आणि सरांना त्याची हजेरी लावावी लागली होती. त्यावरूनच सरांनी त्याला निवडलं.

ग्रंथालयात त्या कराराचं एक बारीक पुस्तक निघालं. आमच्याआधी ते कुणी नेलेलं नव्हतं. मी ते चाळलं आणि भाषण लिहायला घेतलं: आपल्या घरात कसं वागायचं ते शेजाऱ्याने का सांगावं, वगैरे. त्याने पुस्तक दोनदा वाचलं. अटक केलेल्या माणसाला विनाविलंब न्यायाधीशासमोर उभं करावं, असं एक कलम होतं, ते वहीत उतरवून घेतलं. मग मला विचारलं, यावर आपल्या देशाची सही आहे का. मी आहे म्हटलं. तो बरं म्हणाला. मी पुढे काही विचारलं नाही, कारण माझा शेवटचा परिच्छेद राहिला होता.

जळगावला मी आधी बोलले. टाळ्या पडल्या. मग तो उठला.

त्याने सांगितलं की दोन वर्षांपूर्वी त्याच्या मोठ्या भावाला बाजाराच्या दिवशी पोलिसांनी उचललं. सागाचं लाकूड चोरल्याचा संशय होता. चार दिवस त्याला चौकीत ठेवलं, कुठल्याही रजिस्टरात नाव नव्हतं. हा आणि वडील चौकीच्या बाहेर बसून होते. चौथ्या दिवशी साक्रीहून एक वकील आले. त्यांनी अर्ज लिहिला. वर राज्यघटनेचं कलम आणि खाली या कराराचं. घटनेचं कलम फौजदारांना पाठ होतं, त्यामुळे त्यांच्यावर त्याचा परिणाम झाला नाही. खालची ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि हे काय म्हणून विचारलं.

वकील अहिराणीत म्हणाले, “सही दिल्लीनी शे, साहेब. जवाब दिल्लीले देना पडी.”

त्याच दुपारी भावाला साक्रीच्या कोर्टात उभं केलं आणि जामीन मिळाला.

एवढं त्याने सांगितलं. मग म्हणाला, “मला बाहेर पडण्याच्या बाजूने बोलायचं आहे, ते बोलतो. हा करार आमच्या पाड्यावर कुणाला माहीत नाही. आम्हाला तो चार दिवस उशिरा कामाला आला. एवढ्या कारणावरून बाहेर पडायचं असेल, तर पडावं.”

आणि बसला. त्याची दोन मिनिटं शिल्लक होती. टाळ्या पडल्या नाहीत. ही कोणती बाजू, ते लोकांना ठरवता येईना. परीक्षकांत एक निवृत्त न्यायाधीश होते, त्यांनी विचारलं, तुम्ही नक्की कोणत्या बाजूने बोललात. तो उभा राहून म्हणाला, “मिळालेल्या बाजूने. त्या बाजूचं माझ्याकडे एवढंच होतं.”

आम्ही हरलो. मला वैयक्तिक दुसरं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. त्याला ‘बाजूशी सुसंगती’ या रकान्यात शून्य. परतीच्या एसटीत सर पुढे एकटे बसले. मी त्याला रागानेच म्हटलं की हे आधी सांगायचं होतं. तो म्हणाला, सांगितलं असतं तर तुमचं भाषण बिघडलं असतं. हे खरं होतं, त्यामुळे मला आणखी राग आला.

पारोळ्याच्या स्टँडवर माझे वडील आले होते. त्यांना मी आबा म्हणते. बस दहा मिनिटं थांबणार होती. मी खिडकीतून डबा दाखवला आणि आम्ही का हरलो ते तक्रारीच्या सुरात सांगितलं. आबांनी डब्याकडे पाहिलं नाही. माझ्या मागच्या सीटवर तो होता, त्याच्या खिडकीशी वाकून विचारलं, “भाऊ आते कसा शे रे?”

इतक्या लोकांत हे कुणी विचारलं नव्हतं. सरांनी नाही, न्यायाधीशांनी नाही, मीही नाही.

तो म्हणाला, बरा आहे. बाजाराला जात नाही, वहिनी जाते. घरात दार लावू देत नाही. थंडीतही उघडंच असतं.

आबा केळीवाल्याकडे गेले. त्यांनी केळी घेतली आणि खिडकीतून त्याच्या हातात दिली. बस सुटली.

तो पुढे वकील झाला, असं ऐकणाऱ्यांना वाटतं, म्हणून सांगते की झाला नाही. शेतकी खात्यात लागला. भाऊ निर्दोष सुटला, त्याला सहा वर्षं लागली. मी अनेक वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं.

त्या दिवशी मात्र बसमध्ये मला माफी मागायची होती आणि ती नेमकी कशाची, ते जुळवता येत नव्हतं. फागण्याच्या अलीकडे त्यानेच विचारलं, परीक्षेचा फॉर्म भरला का. मी नाही म्हटलं.

“सोमवार शेवटचा आहे,” तो म्हणाला आणि केळ्यांतली दोन मला दिली.