भिंतीपलीकडचं नाक

"मास्तरीनबाई, हिंग जास्त पडला वं!"

शाळामास्तरांशी लग्न होऊन मी अमरावतीहून अकोल्याला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी भिंतीपलीकडून हा पुकारा आला. ना ओळख ना पाळख! आमच्या दोन बिऱ्हाडांमध्ये कुडाची अर्धीच भिंत होती आणि पलीकडे गिरजामावशी राहायची. असा राग आला मला की विचारू नका. वरण चाखलं, तर मेला हिंग खरंच जास्त झाला होता.

मावशी विधवा, एकटीच. मोर्णा नदीकाठच्या एका कारखान्यात कामाला जायची. प्लास्टिक तेव्हा नवीनच होतं. भंगारवाले फुटके मग नि बादल्या तिथे आणून टाकत आणि ते वितळवून साबणाच्या डब्या, खुळखुळे होत. ढिगात जुन्या कचकड्याच्या फण्या, बाहुल्याही मिसळलेल्या असत. कचकड्यात कापूर असतो, तो भट्टीत गेला की भडकाच! म्हणून मावशी शंका येईल तो तुकडा लुगड्यावर खसाखसा घासून हुंगायची. कापराचा वास आला की तुकडा बाजूला. "भट्टीवर लेकरायचे बाप हायेत," म्हणायची, "चुकून कसं चालीन?"

शेडला खिडकी एकच, तीही पोत्यांनी बुजलेली. संध्याकाळी मावशी लाल डोळ्यांनी खोकत यायची.

"मावशी, तोंडाला फडकं तरी बांधा."

"फडकं बांधलं तं वास कुठून घिऊ? येडी हायेस का?"

बोलणं असं फटकळ. पण मी तापाने पडले तेव्हा कढीभाताची वाटी भिंतीवरून तिनेच दिली.

एका सकाळी मी दारात भाजीवालीशी घासाघीस करत बसले आणि चुलीवरचं वरण पार करपलं. वास चाळभर झाला. चार घरांपलीकडच्या बायका ओरडल्या, मावशीचा मात्र शब्द नाही. डोकावले, तर ती निवांत भाकरी थापत होती.

"मावशी, माझं वरण करपलं. वास नाही आला?"

तिचे हात थांबले. उठून तिने देवापुढचा कापूर बोटांत चुरडला, हुंगला, मग माझ्या नाकाशी धरला. "तुले येऊन राहिला?"

"येतोय की."

"मले नाई येत." तिचा चेहरा उतरला. "व माय! मंग कालचा माल मी कसा निवडला असीन?"

भाकरी तव्यावर टाकून ती अनवाणीच कारखान्याकडे धावली. भट्टी पेटायच्या आत तिने ढीग दुसऱ्या बायकांकडून पुन्हा निवडून घेतला. त्यातून बाहुलीचा एक हात निघाला, कचकड्याचा.

मालक म्हणे, बोभाटा करू नको, डोळ्यांनी निवड. मावशीने त्याला तोंडावर सुनावलं, "डोळ्याले दोन्ही सारखंच दिसते, मालक. माह्यं नाक तुमच्या भट्टीनं खाल्लं. आता माणसं नाई खाऊ देत मी." त्या दिवशीच ती काम सोडून आली. घरी येऊन ढसाढसा रडली. मीही रडले.

मग ती संत्री विकायला बसली. गोड आहेत का, असं कोणी विचारलं की म्हणायची, "तूच हुंग बाप्पा, मले काई समजत नाई."

रोज संध्याकाळी भिंतीवरून सांगायचं काम आता माझं झालं. "मावशी, वांग्याची भाजी केली, हिंग बेताचा!"

"खोटी कुठली! जास्तच पडला असीन." हसायची आणि मग खोकत राहायची. त्या खोकल्यानेच गेली बिचारी.

आता माझ्या घराच्या भिंती सिमेंटच्या आहेत, थेट छतापर्यंत. तरी फोडणीत हिंग टाकताना मी अजून जरा मोठ्यानेच म्हणते, "बेताचाच टाकलाय हो, मावशी!"