कमरेएवढ्या पाण्यातली मीटिंग

उपसरपंच निवडायचा होता म्हणून मी समुद्र बघितला, नाहीतर कोण कशाला नेतंय. आमच्याकडं रीतच आहे. निवड जवळ आली की मेंबर उचलायचे, गाडीत घालून लांब न्यायचे आणि मतदानाच्या सकाळी थेट ग्रामपंचायतीच्या दारात आणून उतरवायचे. याला सहल म्हणतात. शेरडं बाजाराला नेताना एवढा पहारा नसतो.

सरपंच धरून नऊ मतं. सहा आमच्या पुढाऱ्याकडं, त्यातलीच एक मी, आणि तीन समोरच्या पार्टीकडं. पुढाऱ्याला उपसरपंच करायचा होता त्याचा भाचा. या भाच्याला स्वतःच्या वॉर्डातली नाली कुठं जाते हेही ठाऊक नव्हतं. आणि मला ती खुर्ची पाहिजे होती. लई पाहिजे होती, लाजायचं काय त्यात? समोरचे तिघं मला मत देणार होते. चौथं माझं. पाचवं वस्तीवरच्या मेंबरबाईचं मिळालं तर जमत होतं. तिचा नवरा उसाच्या तोडीवर, आणि टोळीचा मुकादम पुढाऱ्याचा सख्खा भाऊ. आता तिला विचारायचं कसं आणि कुठं?

मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा पाजून आमचे मोबाईल काढून घेतले. माझा नवरा बरोबर होताच. गावात मेंबर म्हणून हाक त्यालाच मारतात, मी नुसती निवडून आलेली. वाटेत मी आणि ती मेंबरबाई, आम्ही दोघी बाया बाथरूमला गेलो तरी एक कार्यकर्ता दाराशी उभा.

त्या समुद्रकाठच्या गावात लोक फळी घेऊन लाटेवर उभं राहायला येतात. दोन कार्यकर्त्यांना वाटलं, आपण काय कमी आहोत? इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत घुसले. पहिल्याच लाटेनं दोघांना उताणं पाडलं, एकाचा गॉगल गेला, दुसरा खारं पाणी ओकत बाहेर आला. भाचा जास्त हुशार. त्यानं फळी कोरड्या वाळूत ठेवली, वर हात पसरून उभा राहिला, फोटो काढला आणि स्टेटसला टाकला, ‘वादळाशी दोस्ती’. त्यानंतर एकही गडी घोट्याच्या वर पाण्यात गेला नाही.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी नवऱ्याला म्हटलं, आम्हा दोघींनाही करायचंय. तो म्हणाला लोक काय म्हणतील. मी म्हटलं, इथं आपल्याला ओळखतं कोण? पुढारी हसला आणि जाऊ दे म्हणाला, तेवढीच करमणूक.

शिकवणाऱ्या पोरीनं आम्हाला काळे अंगाबरोबर बसणारे सदरे दिले. ते आम्ही पोलक्यावरून चढवले आणि लुगडं काष्टा मारून खोचलं. काय ध्यान दिसत होतं! काठावर सगळे हसून हसून वाकले. हसू दे मेल्यांना, म्हटलं, तेवढे जागेवर तरी राहतील. दोनदा तोंडावर पडल्यावर कमरेएवढ्या पाण्यात फळीला धरून उभ्या असताना मी मेंबरबाईला विचारलं, माझ्या नावाला हात वर करशील का?

तिनं आलेली लाट अंगावर घेतली. मग म्हणाली, “टोळीतून काढतील आमाला, वैनी.”

मी म्हटलं, मी आहे ना. जीभ काय, उचलून टाळ्याला लावायची. तिनं माझ्याकडं बघितलं, फळीवर चढली, पोरीनं ढकललं आणि बाई उभी राहिली की हो! थेट वाळूपर्यंत गेली.

निवडीत भाच्याच्या नावाला चार हात वर झाले. माझ्या नावाला समोरचे तिघं, मी, आणि तिचा हात. कोपरातून दबकत नाही, चांगला सरळ वर. पुढारी तिच्याकडं बघत होता तरी तिनं तो खाली घेतला नाही. भाच्यासाठी आणलेला हार कुणीतरी माझ्या नवऱ्याच्या गळ्यात घातला आणि तो म्हणाला, हे आमचं आधीच ठरलं होतं.

चौथ्या दिवशी तिचा नवरा टोळीतून घरी आला. पुढच्या हंगामात कुठल्याच मुकादमानं त्यांना घेतलं नाही. मी दोनदा तिच्या घरावरून गेले, आत गेले नाही. काय तोंड दाखवणार?

मग एक दिवस रोजगार हमीचं काम मागायला तीच पंचायतीत आली. खुर्चीत माझा नवरा बसला होता. मी तालुक्याच्या साहेबाला चहा देत होते. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या ट्रेकडं.

“मी हात तुमाला वर केलता, वैनी,” ती म्हणाली. “ह्यांला न्हाई.”

मी ट्रे ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, उठा. त्यानं हसून साहेबाकडं बघितलं.

“उठा म्हणते ना.”

तो उठला. मी बसले आणि ग्रामसेवकाला तिचा अर्ज लिहून घ्यायला सांगितलं. निवडीला वर्ष होत आलं होतं, आणि त्या खुर्चीत मी पहिल्यांदा बसत होते.