वाटी-चमच्यावर वाढलेला मल्हार

जतजवळच्या वाडीत रंगुबाईचा शब्द मेंढरंसुद्धा ऐकतात, असं लोक म्हणत. पण १९९८च्या उन्हाळ्यात ती पार खचली. ट्रकवर ड्रायव्हर असलेला तिचा लेक जोतीराम खंगून खंगून गेला, आणि पोटुशी सून माया सांगलीच्या दवाखान्यात तपासली, तर तिच्याही रक्तात एचआयव्ही निघाला.

"बाळालाबी हुनार व्हय?" रंगुबाईनं विचारलं.

डॉक्टर अपूर्वाबाई आडपडदा न ठेवता बोलल्या, "होऊ शकतो. पण टाळायचा एक मार्ग नुकताच हाती आलाय. शेवटचा महिनाभर मायाला गोळ्या, बाळंतपण इथंच, आणि बाळाला अंगावर पाजायचं नाही. एकदाही नाही. खात्री देत नाही, पण धोका पुष्कळ कमी होतो."

मायाला हुंदका फुटला. रंगुबाईनं तिचा हात धरला. "रडू नगंस. मेंढी मेली तर कोकरू हातावर वाढवलंय म्या. ह्ये तर माझं नातरू हाय."

गोळ्यांनी मायाला मळमळायचं. रंगुबाई समोर बसून आधी भाकरीचे घास भरवायची, मग गोळी. जूनमध्ये मल्हार जन्मला. उकळलेल्या पाण्यात डब्यातली दुधाची पावडर कालवून आजीनं वाटी-चमच्यानं पाजायला घेतलं.

खरी कसोटी बारशाला लागली. दूध निवायचं होतं आणि पोर भुकेनं टाहो फोडत होतं. रंगुबाईची जाऊ तानुबाई करवादली, "आई समोर आन् लेकरू उपाशी? घे गं पदराखाली!" तिनं पोर मायाच्या मांडीवर ठेवलंसुद्धा.

मायाचं पोलकं दुधानं भिजलं होतं. तिनं पदर गच्च आवळला. "न्हाई, आत्याबाई. ह्यांस्नी झाला त्यो रोग मला हाय. माझ्या दुधातनं बाळाला जाईल."

रंगुबाईनं पोर उचललं. "ऐकलं न्हवं समद्यांनी? ज्यांना आमच्या घुगऱ्या नगंत, त्यांनी उठावं."

अर्ध्याअधिक बाया उठल्या. तानुबाई मात्र खाली मान घालून बसून राहिली. मग तिनंच ताटलीनं वारा घालून दूध निववलं.

दीड वर्षानं, १९९९च्या डिसेंबरात, मल्हारचं रक्त तपासलं. अपूर्वाबाई हसत म्हणाल्या, "निगेटिव्ह!"

रंगुबाईचा चेहरा उतरला. "म्हंजी वंगाळ?"

"म्हणजे रोग नाही, आजी. तुमच्या नातवाला काहीही झालेलं नाही."

मायाला हसू आणि रडू एकदमच आलं. रंगुबाईनं नातवाला खांद्यावर घेतलं आणि दवाखानाभर मिरवलं. शिपायालाही सोडलं नाही.

वाडीत ती बिरोबाच्या देवळापुढं भंडारा उधळून ओरडली, "वाचलं माझं लेकरू!" बारशातून उठून गेलेल्या बायाही पोराला बघायला आल्या.

गर्दी पांगल्यावर हरणाबाई मागं राहिली. तिचाही लेक ट्रकवर होता. "रंगुबाई," ती दबक्या आवाजात म्हणाली, "माझ्या सुनंला दिवस गेल्यात. पोरगा सारखा आजारी. मला लय भ्या वाटतंय."

"भ्यायचं न्हाई. सकाळच्या गाडीनं तिला सांगलीला न्यायची," रंगुबाई म्हणाली. "म्या अन् माया, दोघीबी येतो संगट."