बांगड्यांचा ओके

आजोबांची जत्रेतली तंबू-टॉकीज, बाबा दिग्दर्शक, आई नटी, भाऊ कॅमेरामन. अशा घरात मी नटी झाले, त्यात माझं कर्तृत्व ते काय! आणि आता मला त्याचा मनापासून कंटाळा आलाय. पण हा सिनेमा बाबांचा, म्हणून सुप्याजवळ एका कांद्याच्या शेतात महिनाभर उन्हात उभी होते.

बाबांना दिसत नव्हतं. डोळ्यांचा पडदा गेलेला. समोर माणूस आहे एवढंच कळायचं. हे फक्त मला आणि भावाला ठाऊक. निर्मात्याच्या कानावर गेलं असतं तर त्याने दुसऱ्याच दिवशी दुसरा दिग्दर्शक आणला असता, आणि बाबा त्यातून उठले नसते. म्हणून आम्ही एक खूण ठरवली. फ्रेम भाऊ सांभाळायचा. बाबांनी ‘कट’ म्हटलं की मी हातातल्या बांगड्या दोनदा वाजवायच्या, म्हणजे टेक चांगला. नाही वाजल्या की बाबा म्हणायचे, “वन्स मोअर.” जन्मभर या वन्स मोअरने माझा जीव खाल्ला, आणि आता तोच माझ्या गळ्यात! काम माझं, आणि तपासायचंही मीच. वैताग नुसता.

त्या दिवशी नायिका बऱ्याच वर्षांनी माहेरी येते, तो प्रसंग होता. सहा टेक झाले. एकही माझ्या मनाला येईना. डोकं ठणकत होतं, पाय सुजले होते. सातवा मी निव्वळ उरकला. “आई” म्हणून हाक मारली ती दुकानात मीठ मागावं तशी. तरी बांगड्या वाजवल्या.

तेवढ्यात शेताची मालकीण बांधावरून म्हणाली, “अगं बाई, म्हायेरी आलेली लेक अशी हाक मारती व्हय? आधीच्यात जीव तरी हुता!” सगळे हसले. निर्माता बाबांकडे बघायला लागला.

“ओके,” बाबा म्हणाले. “पॅकअप.”

गाडीत मी त्यांचा हात धरून बसले. राहवलं नाही. “बाबा, तो टेक खोटा होता हो. मी दमले होते.”

“कळलं की. डोळे गेलेत, कान नाही गेले.”

“मग ओके कशाला दिलात? सगळ्यांसमोर तुमचंच हसं झालं ना!”

“तू दमलीस, तेही ऐकू आलं,” ते म्हणाले. “तुझी आईपण माझ्या सेटवर अशीच दमायची. ऐकू यायचं मला. तिला एकदाही सोडलं नाही मी.”

मला त्यांचा इतका राग आला, आईसाठी, की हात झटकून टाकावासा वाटला. पण गाडीतून उतरताना त्यांना पायरी दिसणार नव्हती. मी धरूनच ठेवला.